चार नावांचा कागद

"मी सही करणार नाही."

इंदिराबाईंनी समोरचा कागद तळहातानं हळूच मागे सारला, आणि आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, त्या सकाळी पाहुण्यांनी भरलेली ओसरी एकाएकी थबकली. भटजींच्या हातातली पळी तशीच अधांतरी राहिली. सावद्या-फैजपुराहून आलेले सोयरे एकमेकांकडे पाहू लागले. पाटावर बसलेल्या शालिग्राम पाटलांनी मान वर केली.

कागद दत्तकाच्या संमतीचा होता. शालिग्राम पाटलांची चोवीस एकर केळीची बागायत, घरात दोन बायका, दोन मुली... आणि मुलगा नाही. म्हणून त्यांचा धाकटा भाऊ गिरधर आपला तिसरा मुलगा बन्सीलाल आज मोठ्या भावाच्या ओटीत घालणार होता. सगळं ठरलं होतं. पुरण शिजलं होतं, रस काढून झाला होता. उरली होती ती फक्त थोरल्या बायकोची सही, आणि ती कोणी नाकारील हे स्वप्नातही कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"वहिनी, लिहायचा कंटाळा असेल तर अंगठा चालेल," गिरधर हसण्यावारी नेत म्हणाला.

"मला लिहिता येतं, भाऊजी. वाचताही येतं. म्हणूनच सही करत नाही."

"अगं, सगळ्यांसमोर काय हे..." शालिग्राम पुटपुटले.

"सगळ्यांसमोर दत्तक घेताय, म्हणून सगळ्यांसमोर नाही म्हणते. आधी मृत्युपत्र लिहा. तुमच्या माघारी या घरात कोणाचं काय, ते तुमच्या हातानं लिहून ठेवा. मग दत्तकाचं बघू."

सणाच्या दिवशी, सवाष्णीच्या तोंडून, धडधाकट नवऱ्यापुढे तो शब्द उच्चारला गेला होता. एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. कुणीतरी 'राम राम' म्हटलं. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, पुरणानं भरलेले हात तसेच पुढे धरून उभ्या असलेल्या लताबाईंचा, पाटलांच्या धाकट्या बायकोचा, चेहरा पांढराफटक पडला. तिला वाटलं, अक्कानं आज आपला डाव उघड केला... आता सगळं स्वतःच्या नावावर करून घेईल, आणि आपण दोन मुली घेऊन जायचं कुठं?

तिला तसं वाटणं स्वाभाविक होतं. पण इंदिराबाईंच्या अंतःकरणात त्या क्षणी जे चाललं होतं, ते जाणणारं तिथं कोणी नव्हतं.

लताला या घरात इंदिराबाईंनीच आणलं होतं. लग्नाला बारा वर्षं झाली तरी कूस उजवली नाही, तेव्हा सासू रोज जेवताना देवाला दूषणं द्यायची, आणि ती दूषणं देवाला नसून आपल्याला आहेत हे इंदिराबाईंना कळायचं. शेवटी एक्कावन्न साली त्या स्वतः चाळीसगावकडच्या एका खेड्यात गेल्या, सतरा वर्षांची लता पाहिली आणि तिच्या गरीब बापाचे पाय धरून म्हणाल्या होत्या, "तुमची पोर माझ्या पाठची बहीण म्हणून नेते. तिला कशातही कमी पडलं तर मला विचारा." त्या लग्नात साऱ्या गावानं जेवण केलं. सवतीला ओवाळताना ज्यांचा हात थरथरला नाही, त्या इंदिराबाई पुढचे आठ दिवस आजारी होत्या, एवढंच लोकांना ठाऊक होतं. मग विमल झाली, चार वर्षांनी शोभा झाली. मुलगा झालाच नाही. सासू त्याच दुःखात गेली. मुली मात्र इंदिराबाईंना 'मोठी आई' म्हणत वाढल्या, आणि त्या दोन शब्दांवर त्यांनी आपलं उभं आयुष्य तोलून धरलं.

या आखाजीच्या दोन महिने आधी बागेत केळीची काढणी चालू होती. निंभोरा स्टेशनातल्या रेल्वे वॅगनसाठी घड वाहायला बाहेरगावच्या बाया आल्या होत्या. त्यांत बेबाबाई नावाची एक होती, अमळनेरकडची. तिचा हात इतर बायांसारखा नव्हता. घड उचलताना ती खाली बघायची नाही, झाडाकडे बघायची, जशी मालकीण बघते. दुपारी विहिरीवर भाकरी सोडताना इंदिराबाईंनी तिला विचारलं, "घरची शेती होती का गं?"

बेबाबाईनं थोडा वेळ भाकरीचा तुकडा हातात धरून ठेवला. मग सांगितलं. तिचा नवरा आठ एकरांचा मालक. ती त्याची दुसरी बायको, दोन मुलांची आई. नवरा अचानक गेला. थोरलीच्या भावांनी कोर्टात सांगितलं की दुसरं लग्न सरकारला मान्यच नाही. सहा महिन्यांत ती आणि मुलं रस्त्यावर आली.

"कागदवर मी त्यानी कोनीच नही शे, अक्का," ती म्हणाली. "सोळा वरीस त्याना घरमा ऱ्हायनू. कोनीच नही."

इंदिराबाईंनी हातातला घास खाली ठेवला. सोळा वर्षं... लताला घरात येऊन पंधरा झाली होती.

चार दिवसांनी त्या डोळे दाखवायला म्हणून एस.टी.नं एकट्याच जळगावला गेल्या. जन्मात पहिल्यांदा वकिलाच्या माडीचा जिना चढल्या. लीलाधर वकील वयस्क होते, सावकाश बोलायचे. त्यांनी सारं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मुंबई सरकारनं शेहेचाळीस सालीच हिंदूंचं दुसरं लग्न बंद केलं. तुमच्या यजमानांचं एक्कावन्नचं. कायद्याच्या नजरेत पाटलांची बायको एकच, तुम्ही."

"आणि मुली?"

"त्यांचा हक्क कोर्टात टिकेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही."

"उद्या यांचं काही बरंवाईट झालं तर?"

"तर सगळं तुमचं. दत्तक झालं, तर अर्धं तुमचं, अर्धं त्या मुलाचं."

"लताचं?"

वकिलांनी पुस्तक मिटलं. "मृत्युपत्र केलं तरच. पण बाई, एक विचारतो, रागावू नका. मृत्युपत्र झालं नाही, तर फायदा तुमचाच आहे. मग तुम्ही का आलात?"

इंदिराबाईंनी त्या मिटलेल्या पुस्तकाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांपुढे ओल्या हळदीतली सतरा वर्षांची पोर उभी राहिली होती. अजाणता का होईना, तिला आपण फसवून आणलं... बायको म्हणून आणलं आणि कोणीच नाही करून ठेवलं.

"दत्तकाला माझी सही लागते म्हणतात, ते खरं का?" त्यांनी एवढंच विचारलं.

"लागते. तुम्ही नाही म्हटलंत, तर दत्तक होत नाही."

जिना उतरताना त्या एका पायरीवर थांबल्या. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या 'हो'ची सगळ्यांना सवय होती. त्यांच्या 'नाही'लाही किंमत आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं.

आणि ते 'नाही' त्या आखाजीला म्हणाल्या.

पाहुणे उपाशी उठले नाहीत, कारण इंदिराबाईंनी स्वतः पदर खोचून पंगत वाढली. पण त्या दिवसापासून घर दुभंगलं. शालिग्राम मळ्यातल्या खोलीत राहायला गेले. जेवणाचा डबा गड्याहाती जायचा. गिरधर पारावर उघड बोलायचा, "वहिनीला भाऊच्या मरणाची घाई झालीय." गावातल्या बाया हळदीकुंकवाला इंदिराबाईंना टाळू लागल्या.

खरं कारण सांगितलं असतं, तर एका क्षणात सगळे मुके झाले असते. पण कसं सांगायचं? विमल चौदा वर्षांची होती. तिच्या आईचं लग्न लग्नच नव्हे, असं एकदा चारचौघांत फुटलं, की त्या पोरींना कोण उंबरा ओलांडू देणार? नवऱ्याला सांगावं, तर शालिग्रामांनी आयुष्यात एक गोष्ट गिरधरपासून लपवली नव्हती. म्हणून त्यांनी ओठ शिवून घेतले आणि लोभी ठरल्या.

सगळ्यांत खोल घाव लताचा होता. एके दुपारी ती समोर येऊन उभी राहिली.

"अक्का, मला एवढं सांगा, मी तुमचं काय वाईट केलं? तुम्ही आणलंत म्हणून आले. तुम्ही बस म्हटलंत तिथं बसले. आता माझ्या पोरींच्या तोंडचा घास..."

"लता, माझ्यावर रागव. पण माझं ऐक. हे म्हणतील तेव्हा मृत्युपत्राला आडवी येऊ नकोस."

"म्हणजे माझ्या हातानंच माझा गळा कापू?"

इंदिराबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. एक वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं... ते त्यांनी गिळलं. "रागव," त्या पुन्हा म्हणाल्या, "पण मी मागे हटणार नाही."

भाद्रपदात शालिग्रामांच्या छातीत कळ आली. बागेतच खाली बसले. त्यांना जळगावच्या दवाखान्यात नेलं आणि त्यांच्या उशाशी इंदिराबाई राहिल्या. सहाव्या दिवशी दुपारी, आजूबाजूच्या खाटा झोपेत असताना, शालिग्राम छताकडे पाहत म्हणाले, "तुझं म्हणणं खरं होण्याची वेळ आली बघ. आता तरी सांग, माझ्या मरणाचा कागद तुला कशाला हवाय?"

"आधी शपथ घ्या. गिरधरभाऊजींना सांगणार नाही."

त्यांनी आपला अशक्त हात बायकोच्या हातावर ठेवला. मग इंदिराबाईंनी बेबाबाईपासून वकिलापर्यंत सगळं सांगितलं. शालिग्राम ऐकता ऐकता उठून बसले.

"साऱ्या गावानं जेवण केलं होतं त्या लग्नात," ते म्हणाले.

"कोर्ट पंगती मोजत नाही."

मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पन्नाशी ओलांडलेला तो करारी माणूस लहान मुलासारखा रडला. "पाच महिने तुला साऱ्या गावानं नावं ठेवली... मीही ठेवली. तू बोलली का नाहीस?"

"विमलचं लग्न व्हायचंय."

दिवाळीच्या आधी मृत्युपत्र करायला रावेरच्या कचेरीत जायचं ठरलं. बैल जुंपलेली दमणी दारातून निघाली, तोच गिरधर पुढे आला आणि त्यानं कासरा धरला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, भरून आलेला होता.

"भाऊ, उतर. बापजाद्यांची जमीन आहे. घरातल्या बायकांच्या नावानं केलीस, की उद्या जावयांच्या घरात जाईल. आपलं आडनाव पुसलं जाईल या शिवारातून. तू आजारी असताना तुझी बाग मी राखली, ती याचसाठी का?"

शालिग्रामांची नजर खाली गेली. तेव्हा इंदिराबाई दमणीतून उतरल्या आणि दिरासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही बाग राखलीत, ते मी विसरणार नाही. पण कासरा सोडा, भाऊजी."

"नाही सोडला तर?"

"तर आम्ही चालत जाऊ. तुमचा आजारी भाऊ रावेरपर्यंत पायी गेला, हे सारं गाव बघेल."

गिरधरनं कासरा सोडला. पण म्हणाला, "आजपासून या दारात माझा पाय लागणार नाही."

लीलाधर वकील कचेरीत आधीच येऊन बसले होते. त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली, "नातं लिहू नका, नावं लिहा. नात्यावर भांडता येतं, नावावर येत नाही." शालिग्राम सांगू लागले. लताबाई, विमल, शोभा... आणि बायकोकडे वळून म्हणाले, "तू तर देवमाणूस. तुला काय, या तिघी सांभाळतील."

"मला देव करू नका," इंदिराबाई शांतपणे म्हणाल्या. "देव्हाऱ्यातल्या देवीला शेत लागत नाही. मला लागतं. मी त्या बागेत वीस वर्षं राबले आहे. म्हातारपणी कोणाच्या ताटाकडे बघत जगायचं नाही मला. चौथं नाव माझं लिहा, आणि वाटा सारखा."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. चार नावं लिहिली गेली. प्रत्येकीला सहा एकर, आणि घर दोघींचं. सह्या झाल्या, कागद नोंदला गेला आणि त्यात काय लिहिलं ते नवरा-बायकोतच राहिलं. दत्तकाचा विषय शालिग्रामांनी पुन्हा काढला नाही.

पाटील पुढे पाच वर्षं जगले. विमलचं लग्न त्यांनी एरंडोलला चांगल्या घरात लावून दिलं. एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात ते शेतावरून आले, पाणी मागितलं आणि पाणी येण्याआधीच गेले.

त्या दिवशी गिरधर आला. पाच वर्षांनी. भावाच्या पायांवर डोकं ठेवून तो इतका रडला, की त्याला उचलायला चार माणसं लागली. पण सुतक फिटल्यावरचा गंधमुक्तीचा विधी आटोपून बाहेरची माणसं गेल्यावर, घरात फक्त दोघी बायका, मुली आणि लीलाधर वकील उरले, तेव्हा तो बोलला. दुःखानं आणि जुन्या रागानं तो पेटलेला होता.

"वकीलसाहेब, मीही आता कायदा विचारून आलोय. वहिनीचा हक्क मला मान्य आहे. पण या लताबाईंचं लग्नच मुळात..."

"भाऊजी," इंदिराबाई म्हणाल्या, "पुढचा शब्द तोंडातून काढू नका."

"का नको? खरं आहे ते. कायद्यानं ही भाऊची कोणी नाही."

शब्द सुटला होता. लताबाई भिंतीला टेकल्या. कपाळ आधीच पुसलेलं होतं, आता कुणी त्या वीस वर्षांवरूनच बोळा फिरवला असं त्यांना वाटलं. शोभानं आईला घट्ट धरलं.

"वकीलसाहेब, वाचा," इंदिराबाई म्हणाल्या.

लीलाधर वकिलांनी कागद वाचला. चार नावं, चार वाटे. पत्नी नाही, मुलगी नाही, फक्त नावं. गिरधर ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू विस्मयात बदलत होता.

"म्हणजे वहिनी, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"आखाजीच्या आधीपासून."

"पण मग... हा कागद झाला नसता तर सगळी चोवीस एकर तुमची होती. एकट्या तुमची. तुम्ही भांडून भांडून अठरा एकर घालवलीत?"

"घालवली नाही. ज्यांची होती त्यांना दिली."

लताबाईंनी मान वर केली. आखाजीचा तो दिवस, ते पाच महिने, ती दुपार, आपण तोंडावर फेकलेले शब्द... सारं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकलं. त्या उठल्या, चालता चालता अडखळल्या आणि इंदिराबाईंच्या पायांशी बसल्या.

"अक्का, मी तुम्हाला काय काय बोलले... तुम्ही रागव म्हणालात आणि मी खरंच रागवत राहिले. इतकी वर्षं."

"ऊठ. पाया पडायचं नाही," इंदिराबाई कणखर आवाजात म्हणाल्या. "तुला या घरात मीच आणलं. तुझ्या बापाला शब्द दिला होता. तो पाळला, त्यात उपकार कसले?" आणि मग, इतक्या वर्षांत प्रथमच, त्यांनी लताचं डोकं आपल्या छातीशी धरलं आणि स्वतःही मोकळेपणी रडल्या. गिरधर चप्पल पायात घालून मुकाट्यानं निघून गेला.

सात-आठ महिन्यांनी एके सकाळी इंदिराबाई त्याच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, उद्या रावेरला जायचंय. मीही मृत्युपत्र करतेय. माझी सहा एकर विमल आणि शोभाला. लताही तिचं करतेय. मला साक्षीदार हवाय."

गिरधर त्यांच्याकडे बघतच राहिला. "माझ्याकडे आलात?"

"ज्याला कागदातून काही मिळतं, त्यानं साक्ष घालायची नसते म्हणे. तुम्हाला काहीच मिळत नाही."

त्याच्या मिशीखाली हसू आलं आणि विरलं. "एवढा विश्वास आहे माझ्यावर?"

"विश्वास असता तर कागद केला नसता," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही त्यांचे भाऊ आहात. तुमच्या सहीशिवाय मला हा कागद पुरा वाटणार नाही."

दुसऱ्या दिवशी कचेरीत कारकुनानं मजकूर पुढे सरकवला, तेव्हा गिरधरनं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून बोट ठेवत वाचायला सुरुवात केली. कारकून कंटाळला. लताबाई चुळबुळल्या. शेवटच्या पानावर गिरधरचं बोट थांबलं.

"हे चुकलंय."

इंदिराबाई कागदावर वाकल्या.

"पूर्वेची हद्द बांधापर्यंत लिहिलीय," तो खाली बघतच म्हणाला. "ती बांधापर्यंत नाही. बांधापलीकडची, नाल्यापर्यंतची पट्टी भाऊच्या वाट्याची. आमची वाटणी झाली तेव्हापासून मीच कसतोय ती. भाऊनं कधी विचारलं नाही... आणि मी कधी सांगितलं नाही."

इंदिराबाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं, आणि मग कारकुनाकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत ना? नाल्यापर्यंत लिहा."

कारकुनानं बांध खोडला, नाला लिहिला. गिरधरनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली, आणि खाली आपली सही केली.